केमो-रेडिएशन चालू असताना दुखणं आणि धास्ती एकत्रच सांभाळावी लागते

डॉक्टर विचारतात, "काही दुखतंय का?" आणि रात्रभर कूस बदलू न शकलेला माणूस म्हणतो, "चालायचंच, थोडंफार." असं उत्तर देण्याची कारणं ज्याची त्याला ठाऊक. दुखतंय म्हटलं तर केमो पुढे ढकलतील, असं कोणाला वाटतं. दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला असा कोणाचा समज असतो आणि तेच कानावर पडायला नको असतं. कोणी सोबत आलेल्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसतं, तर कोणाला मॉर्फिनच्या नावानंच कापरं भरतं. यातलं कुठलंही कारण घ्या, तोंड भीतीनंच बंद केलेलं असतं. म्हणून वेदना एका डॉक्टरकडे आणि चिंता दुसऱ्याकडे, अशी वाटणी केली की दोन्ही अर्धवट राहतात.

याला शरीरातलंही कारण आहे. दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतून वर मेंदूकडे जातो, पण मेंदूही वरून खाली निरोप धाडून तो दाबू शकतो किंवा वाढवू शकतो. झोप झालेली नाही, उद्याच्या रिपोर्टची धास्ती आहे, शेजारी कोणी नाही, अशा वेळी हे दाबणं ढिलं पडतं आणि दुपारी दहापैकी 4 असलेलं दुखणं रात्री दहापैकी 7 होतं. दुखणं खरंच वाढलेलं असतं, माणूस नाटक करत नसतो. उलट बाजूनं पाहिलं तर आटोक्यात नसलेल्या वेदनेनं छाती धडधडते, घाम येतो, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, "फार टेन्शन घेतोय." लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (असाध्य आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी हेच मांडलं होतं: शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचं दुखणं एकाच माणसात एकत्र असतं. व्यवहारात याचा अर्थ असा की आधी वेदना नीट उतरवायची आणि मग चिंता किती उरते ते पाहायचं. बऱ्याचदा निम्मी चिंता तिथेच ओसरते. जी उरते तिच्यावर वेगळे उपाय लागतात, आणि ते आहेत.

दुखणं सांगायचं कसं

0 ते 10 ची पट्टी सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यावर एकच आकडा सांगितला जातो. चार आकडे सांगा: आत्ता किती, गेल्या 24 तासांत सगळ्यात जास्त किती, सगळ्यात कमी किती, आणि किती असलं तर तुमचं निभतं. चौथा आकडा क्वचितच विचारला जातो, पण माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा. कोणाला 3 वर जेवता-झोपता येतं, कोणाला 5 वरही चालतं. उपचाराचं लक्ष्य तिथे ठरतं. शून्यावर आणायच्या हट्टानं डोस वाढवत नेले तर माणूस दिवसभर गुंगीत राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दुखण्याची जात. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची वाण नाही: ठणका, कळ, चमक, आग, टोचणं, ओढ लागणं, जडपणा, मुंग्या, बधिरपणा. ते जसेच्या तसे वापरा, डॉक्टरांसाठी त्यांचं भाषांतर करायची गरज नाही. एका जागी ठणकणारं, दाबलं की दुखणारं दुखणं बहुधा हाडाचं किंवा मांसाचं. पोटात खोलवर पिळवटणारं, बोटानं नेमकी जागा दाखवता न येणारं दुखणं आतल्या अवयवांचं. आग, विजेचा झटका, मुंग्या आणि नुसता कपडा लागला तरी सहन न होणं, हे शिरांचं, म्हणजे मज्जातंतूंचं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मज्जातंतूंच्या दुखण्यावर नेहमीची वेदनाशामकं एकटी पुरी पडत नाहीत. त्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा रात्री कमी मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिन द्यावं लागतं. ही औषधं हळूहळू वाढवायची असतात आणि त्यांचा परिणाम कळायला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करणं ही यातली नेहमीची चूक. ड्युलोक्सेटिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन मुळात नैराश्याची औषधं आहेत. चिठ्ठीत ती पाहून "मला वेडा समजतात का" असं वाटून घेऊ नका, ती इथे मज्जातंतूंसाठी असतात.

वहीत काय लिहायचं, त्याचा नमुना:

"मंगळवार, पहाटे 3. उजव्या नितंबापासून गुडघ्याच्या मागपर्यंत चमक, 8. कूस बदलल्यावर सुरू. जादा गोळी 3.10 ला. 4 वाजता 4. मग झोप. सकाळी 6 च्या गोळीपर्यंत ठीक."

एवढ्यावरून डॉक्टरांना कळतं की दुखणं मज्जातंतूच्या वाटेनं खाली उतरतंय, ते हालचालीनं उसळतं, जादा गोळी, म्हणजे नेहमीच्या वेळांच्या मधे उसळीसाठी दिलेली, पाऊण-एक तासात काम करते आणि नेहमीचा डोस पुढच्या वेळेपर्यंत टिकतो. आता हीच नोंद "रोज पहाटे 5 ला, 6 ची गोळी व्हायच्या आधी" अशी असती, तर अर्थ वेगळा झाला असता: डोस संपत आला की दुखतंय. मग उपाय नेहमीचा डोस वाढवण्याचा. हालचालीनं उसळणाऱ्या दुखण्यात मात्र नेहमीचा डोस वाढवला की बसल्या जागी गुंगी येते आणि उठताना दुखायचं ते दुखतंच. तिथे ड्रेसिंग, आंघोळ किंवा रेडिएशनच्या टेबलावर झोपणं यांच्या अर्धा-पाऊण तास आधी जादा गोळी घेणं कामाला येतं.

उपचारानंच होणारी दुखणी

नवं दुखणं सुरू झालं की पहिला विचार येतो, आजार पसरला. बऱ्याचदा ते औषधाचं असतं, आणि त्याचं वेळापत्रक आधी माहीत असेल तर निम्मी धास्ती तिथेच कमी होते.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर एक ते तीन दिवसांत मांड्या, पाठ, सांधे भरून येतात, ताप येण्याआधी अंग मोडून यावं तसे. आठवड्याच्या आत ते जातं. पांढऱ्या पेशी वाढवायला फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम देतात, त्यानंतर कंबर, नितंब आणि छातीच्या मधल्या हाडात ठणका लागतो. हाडातला मगज जोमानं कामाला लागल्याची ती खूण. डॉक्टर त्यावर पॅरासिटामॉल देतात, कधी लोराटाडिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळीही. व्हिंक्रिस्टिननं जबडा दुखतो आणि आतडी मंदावतात. स्तनाच्या कॅन्सरवरच्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सकाळी बोटं आणि गुडघे आखडतात. थोडं चालल्यावर ते सुटतात, आणि नियमित व्यायामानं खरोखर फरक पडतो.

ऑक्सॅलिप्लॅटिनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते फार घाबरवतं. हे औषध दिल्यानंतर काही दिवस थंड वस्तूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात, आणि थंड घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होऊन श्वास अडकल्याचा भास होतो. श्वासनलिका उघडीच असते, जाणवणाऱ्या मज्जातंतूंची ती गडबड असते. कोमट पाणी घोटघोट प्यावं, गळ्याभोवती कापड गुंडाळून शांत बसावं, काही मिनिटांत उतरतं. केमोनंतरचे पाच-सात दिवस थंड पेय, फ्रीजमध्ये उघडा हात घालणं आणि थंड वाऱ्यात तोंड उघडं ठेवणं टाळावं. मात्र सलाईन चालू असतानाच घसा आवळला, अंगावर पित्त उठलं, छातीत घरघर झाली तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. मग क्षणभरही न थांबता नर्सला हाक मारायची.

हातापायांचा बधिरपणा लपवू नका. शर्टाचं बटण लागेनासं झालं, चप्पल पायातून निसटल्याचं कळेनासं झालं, की पुढच्या केमोआधी सांगायला हवं. वेळेवर कळलं तर डोस कमी करता येतो. उशिरा कळलं तर नुकसान कायमचं राहू शकतं. ऑक्सॅलिप्लॅटिन आणि सिस्प्लॅटिन थांबवल्यावरही दोन-तीन महिने बधिरपणा वाढत जाऊ शकतो. औषध बंद करूनही वाढतंय म्हणून हाय खाऊ नये.

तोंड येणं हे दिसायला किरकोळ आणि भोगायला भयंकर. केमोत ते साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सुरू होतं, डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरायची, आणि मिश्रण रोज ताजं करायचं. अल्कोहोल असलेला माउथवॉश आग वाढवतो, तो नको. बधिर करणारं लिग्नोकेनचं औषध तोंडात फिरवल्यावर घासही बधिर घशातून जातो आणि ठसका लागू शकतो, म्हणून छोटे घास, सावकाश. पाणीही गिळवत नसेल तर वाट पाहू नका. या वेदनेसाठी मॉर्फिन देणं पूर्ण योग्य आहे आणि बरेच डॉक्टर देतात.

पॅरासिटामॉलबद्दल एक ताकीद, आणि ती इथेच द्यायला हवी. केमो चालू असताना दुखण्यासाठी गोळी घेण्याआधी ताप मोजा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, ही तातडीनं दवाखाना गाठायची पातळी. गोळीनं ताप झाकला जातो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मात्रा 4 ग्रॅम, वजन घटलेलं असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल तर त्याहून कमी. सर्दी-खोकल्याच्या आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, तेही हिशोबात धरा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनानं घेऊ नका: रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी असताना रक्तस्राव होऊ शकतो, सिस्प्लॅटिन आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना किडनीवर दुहेरी भार येतो.

मॉर्फिन, आणि त्याच्याभोवतीची भीती

जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली कॅन्सरच्या वेदनेसाठी साध्या वेदनाशामकापासून मॉर्फिनपर्यंत जाणारी पायऱ्यांची पद्धत सांगितली आणि 2018 साली सूचना सुधारल्या. त्यातली दोन तत्त्वं अजून रोजच्या कामाची आहेत: शक्यतो तोंडानं, आणि घड्याळाप्रमाणे. दुसरं तत्त्व घरोघरी मोडलं जातं. "दुखत नव्हतं म्हणून दुपारची गोळी नाही दिली." दुखत नव्हतं ते सकाळच्या गोळीमुळे. दुपारची चुकली की संध्याकाळी वेदना 8 वर जाते, आणि ती खाली आणायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो. शिवाय दोन-तीनदा असं झालं की माणूस पुढच्या उसळीच्या भीतीतच जगू लागतो आणि वेदना नसतानाही अंग आवळून बसतो. गोळ्या वेळेवर देणं हा चिंतेवरचाही उपाय आहे.

साध्या मॉर्फिनची गोळी किंवा पातळ औषध चार तास चालतं. परिणाम अर्ध्या तासात सुरू होतो, तासाभरात पूर्ण जाणवतो. सुरुवात बहुधा 5 ते 10 मिलीग्रॅम, वयस्कर किंवा अशक्त माणसाला 2.5. दर चार तासांनी 10 म्हणजे दिवसाला 60. मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठीचा जादा डोस दिवसाच्या एकूण मात्रेच्या दहाव्या ते सहाव्या भागाइतका, म्हणजे इथे 6 ते 10 मिलीग्रॅम. चोवीस तासांत तीन-चारपेक्षा जास्त जादा डोस लागले तर मूळ डोस कमी पडतोय, असं डॉक्टरांना कळवा. बारा तास चालणाऱ्या गोळ्या कधीही कुटून, तोडून किंवा चावून घ्यायच्या नाहीत, कारण बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. नाकातल्या किंवा पोटातल्या नळीतून औषध देत असाल तर हे आवर्जून विचारा.

"सवय लागेल", "आत्ताच घेतलं तर शेवटी काय उरेल", "मॉर्फिन म्हणजे शेवटच आला" हे तीन प्रश्न प्रत्येक घरात येतात. शरीराला औषधाची सवय होणं आणि व्यसन लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे घेतल्यावर एकदम बंद केलं तर जांभया, नाक गळणं, घाम, जुलाब, घालमेल होते, म्हणून ते टप्प्याटप्प्यानं उतरवतात. व्यसनात नुकसान होतंय हे कळूनही माणूस औषधामागे धावतो. वेदनेसाठी सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांत ते विरळ असतं. स्वतःला किंवा घरात कोणाला पूर्वी दारू-नशेची सवय असेल तर तेवढं उघड सांगा, म्हणजे औषध थोडं थोडं आणि देखरेखीत देता येतं. त्या कारणानं वेदनेवरचं औषध नाकारलं जाऊ नये. मॉर्फिनला ठरलेली कमाल मात्रा नाही, त्यामुळे आत्ता घेतलं म्हणून पुढे कमी पडत नाही. आणि बरे होणारे कितीतरी जण रेडिएशनच्या काळात चार-सहा आठवडे मॉर्फिन घेऊन नंतर ते थांबवतात.

उलट गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते: रेडिएशननं किंवा केमोनं गाठ आकसली, वेदना उतरली, की तोच डोस आता जास्त होतो. कालपर्यंत ठीक असलेला माणूस दिवसभर पेंगू लागतो. किडनी मंदावली, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं, तरीही मॉर्फिनचे घटक साठतात आणि हातपाय झटके देऊ लागतात. सुरुवातीच्या तीन-पाच दिवसांची गुंगी आणि आठवडाभराची मळमळ अपेक्षित असते, ती जाते. हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास चालत असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढचा डोस थांबवून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. झोपेची गोळी, चिंतेवरची लोराझेपामची गोळी किंवा दारू यांच्यासोबत हा धोका वाढतो.

बद्धकोष्ठ मात्र जात नाही. मळमळ-गुंगीची सवय होते, आतड्यांना होत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सेना किंवा बिसाकोडिलसारखं आतडी हलवणारं औषध सुरू करायचं, गरजेनुसार लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉल जोडायचं. उलटीसाठीच्या ऑन्डान्सेट्रॉननंही शौच अडतं, त्यामुळे केमोच्या आठवड्यात दुहेरी त्रास. इसबगोलासारखा भुसा मंदावलेल्या आतड्यात फुगून बसतो, इथे तो नको. तीन दिवस शौच नसेल तर कळवा. आणि आधी अडलेलं असताना अचानक पातळ गळू लागलं तर त्याला जुलाब समजून थांबवायची गोळी देऊ नका. खडा अडकून त्याच्या बाजूनं ते पाझरत असू शकतं. पेशी उतरलेल्या असताना एनिमा किंवा गुदमार्गाची गोळी विचारल्याशिवाय वापरू नये.

फेंटानिल या मॉर्फिनसारख्याच औषधाचा, कातडीवर चिकटवायचा पॅच सोपा वाटतो, पण चुकाही त्यातच होतात. जागा: छाती, पाठ किंवा दंडाचा वरचा भाग, जिथे केस कमी आहेत आणि रेडिएशन दिलेलं नाही. केस असतील तर कात्रीनं कापा, वस्तऱ्यानं नको, कारण बारीक खरचटल्या जागी औषध जास्त शिरतं. नुसत्या पाण्यानं पुसा, साबण-तेल नको, पूर्ण कोरडं होऊ द्या. चिकटवून तळव्यानं अर्धा मिनिट दाबून धरा, कडा नीट बसल्यात का पाहा. वर तारीख आणि वेळ लिहा. दर 72 तासांनी बदलायचा, नवा लावताना जुना काढायचा. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण पाठीवरचा जुना पॅच विसरला जातो. पहिल्या पॅचचा परिणाम यायला 12 ते 24 तास लागतात, तोवर गोळ्या लागतात. काढल्यावरही औषध कातडीतून बराच वेळ उतरत राहतं. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड आणि चढलेला ताप यांनी ते जास्त वेगानं शिरतं. पॅच अर्धा कापायचा नाही. वापरलेला चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा. ज्यानं आधी मॉर्फिनसारखी औषधं घेतलेलीच नाहीत त्याला थेट पॅच देणं धोक्याचं आहे.

हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेसाठी रेडिएशनचा एकच 8 ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) डोस बऱ्याचदा पुरतो. पण आराम पडायला एक ते चार आठवडे जातात, आणि पहिले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरात हाहाकार होतो.

एक लक्षण वहीत लिहून पुढच्या भेटीची वाट पाहण्यासारखं नाही. पाठीत नवं दुखणं, आडवं पडलं की वाढणारं, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं, आणि सोबत पायांत अशक्तपणा, बधिरपणा किंवा लघवी अडणं: मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल. पाय चालते असताना पोचलेला माणूस बहुधा चालता राहतो.

चिंता: आधी औषधं तपासा

बेचैनी दिसली की समुपदेशन सुचवण्याआधी औषधांची यादी हातात घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. केमोसोबतच्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं झोप उडते, माणूस चुळबुळतो, चिडतो. ते सकाळी घेतलं तर रात्र बरी जाते. ते थांबल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम गळून जाणं, रडू येणं, हेही त्याचंच. उलटीसाठीच्या मेटोक्लोप्रामाइडनं काहींना एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, "कातडीतून बाहेर पडावंसं वाटतं" असं ते सांगतात. हे मनाचं दुखणं समजून आणखी औषध दिलं जातं, खरा उपाय ते औषध डॉक्टरांकडून बदलून घेण्याचा. इम्युनोथेरपीनं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांनी) थायरॉइड बिघडून धडधड आणि थरथर होते. रक्त कमी होणं, ऑक्सिजन कमी होणं, साखर उतरणं, अचानक सुटलेली तंबाखू किंवा दारू, चुकलेला मॉर्फिनचा डोस, हे सगळं चिंतेसारखंच दिसतं. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, एक पाय सुजलेला असणं ही फुप्फुसात रक्ताची गुठळी असू शकते. कॅन्सरमध्ये तिचा धोका जास्त, तिला पॅनिक समजून घरी बसू नये. वयस्कर माणूस संध्याकाळनंतर गोंधळला, नसलेली माणसं दिसू लागली, चादर चाचपू लागला, तर ती भ्रमावस्था आहे. झोपेच्या गोळीनं ती बिघडू शकते.

हे सगळं वगळून जी चिंता राहते तीही मोजता येते. तणावाचा थर्मामीटर म्हणून 0 ते 10 ची पट्टी वापरतात, 4 किंवा जास्त असेल तर पुढची विचारपूस करायची. 1983 साली तयार झालेली 14 प्रश्नांची एक प्रश्नावली आजही वापरात आहे. थकवा, वजन घटणं असे प्रश्न तिच्यात मुद्दाम घेतलेले नाहीत, कारण ते आजारानंही होतं.

धास्तीच्या वेळा ठरलेल्या असतात. स्कॅन आणि रिपोर्ट यांच्यामधले दिवस सगळ्यात जड. रिपोर्ट कोण सांगणार, कधी, फोनवर की समोर, हे स्कॅनच्याच दिवशी ठरवून घ्या. थांबणं संपत नाही, पण त्याला शेवट मिळतो. शक्य असेल तर फाइल रात्री अकराला मोबाइलवर एकट्यानं उघडू नका. दुसरी वेळ केमोच्या आदल्या रात्रीची. आधीच्या फेरीत उलट्या आवरल्या नसतील तर वॉर्डचा नुसता वास आल्यावर उमळायला लागतं. शरीरानं दोन गोष्टींची गाठ बांधलेली असते, आणि ती सुरू झाल्यावर उलटीच्या औषधांना फारशी जुमानत नाही. म्हणून पहिल्याच फेरीत उलटी रोखणं एवढं महत्त्वाचं. जडलीच असेल तर आदल्या रात्री आणि सकाळी डॉक्टरांनी दिलेलं थोडं लोराझेपाम, आणि मन सैल सोडण्याचा सराव घरी काही दिवस आधीपासून.

तिसरी वेळ रेडिएशनच्या मास्कची. चेहऱ्यावर घट्ट बसणारी जाळी आणि वर टेबलाला क्लिप. जीव घाबरा होणं साहजिक आहे, आणि ते मास्कचा साचा घेण्याच्या दिवशीच सांगावं. डोळे-तोंडाशी जाळी कापता येईल का, आधी क्लिप न लावता दोन मिनिटं ठेवून पाहता येईल का, विचारा. आत कॅमेरा असतो, हात वर केला की मशीन थांबवतात. हा इशारा पहिल्याच दिवशी ठरवून एकदा करून पाहा. सुईची भीती असेल तर बधिर करणारं मलम साठ मिनिटं आधी जाड थरात लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवावी. दहा मिनिटं आधी चोळलेलं मलम काही करत नाही, आणि मग "आमच्यावर चालत नाही" असा समज होतो.

श्वासाचा सराव साधा आहे: नाकानं मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांब असायला हवं. घाबरल्यावर लोक जोरजोरात आत ओढतात, त्यानं चक्कर आणि ओठांना मुंग्या येतात. फुप्फुसाच्या आजारात मोजणं जमत नसेल तर पुढे वाकून, हात टेबलावर टेकून, ओठ चंबूसारखे करून सोडावा. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतल्यानंही दम कमी जाणवतो. स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम करताना आवळणं पाच सेकंद, सोडणं त्याच्या दुप्पट. जिथे हाड कमकुवत आहे किंवा शस्त्रक्रियेची जखम आहे ती जागा आवळायची नाही.

चिंता दोन आठवडे सलग राहिली, झोप-जेवण सुटलं, उपचार सोडायचा विचार येऊ लागला तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवं. जगायचं नाही असं बोलणं निघालं तर त्याच दिवशी. एस्सिटालोप्रॅमसारख्या चिंता-नैराश्यावरच्या गोळ्यांना दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात घालमेल थोडी वाढू शकते. मर्टाझापिननं झोप आणि भूक दोन्ही सुधारतात, म्हणून ते अनेकदा निवडतात. स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूप तयार होण्यात ती अडथळा आणतात. ट्रॅमाडॉल आणि नैराश्याच्या गोळ्या एकत्र असतील तर डॉक्टरांना आठवण करून द्या, थरथर, घाम आणि झटक्यांचा धोका असतो.

सोबतच्या माणसानं "काही होत नाही, सकारात्मक राहा" म्हटलं की पेशंटचं बोलणं तिथेच थांबतं. "सगळ्यात जास्त कशाची भीती वाटतेय?" असं विचारून गप्प बसून ऐका. उत्तर पुष्कळदा मरणाबद्दलचं नसतं: रात्री दुखलं तर कोणाला उठवू, अंथरुणात लघवी झाली तर, पैसे संपले तर. यातल्या बऱ्याच गोष्टींवर करता येण्यासारखं काही असतं. रात्री गोळी कोण देणार, हे सोबतच्यांनी पाळी लावून ठरवावं. एकाच माणसावर पडलं की चौथ्या रात्री डोस चुकतो.

आणि दवाखान्यातून निघताना एका कागदावर हे लिहून घ्या: नेहमीच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा, जादा डोस किती आणि दोन डोसांत किमान किती अंतर, किती जादा डोसांनंतर फोन करायचा, शौचाचं औषध कोणतं, रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर कोण उचलेल. हा कागद औषधांच्या डब्यात ठेवा, आणि डोस बदलला की जुना फाडून नवा लिहा.